हिंटन ॲम्प्नरचं जुनं घर : आवाजांच्या एका प्रकरणाची फेरतपासणी

इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातल्या हिंटन ॲम्प्नर गावच्या जुन्या मॅनर हाऊसमध्ये, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यात, रिकेट्स कुटुंब जानेवारी १७६५ मध्ये भाड्याने राहायला आलं आणि ऑगस्ट १७७१ मध्ये घर सोडून गेलं. मधल्या साडेसहा वर्षांत रात्रीअपरात्री दारं आपटल्याचे, पावलांचे, रेशमी वस्त्र सळसळल्याचे, बायकापुरुषांच्या बोलण्याचे आणि शेवटी किंकाळ्यांचे आवाज ऐकू आल्याची नोंद आहे. कुलपं बदलून झाली, बक्षीस लावून झालं, आरमाराच्या कप्तानाने हत्यार घेऊन पहारा देऊन झाला. कोणीही हाती लागलं नाही.

भुताच्या गोष्टींच्या संग्रहांत हे प्रकरण नेहमी भेटतं, पण तिथे ते गोष्ट म्हणूनच सांगितलं जातं. तपास म्हणून ते क्वचितच वाचलं जातं, आणि खरा ऐवज तिथेच आहे. साक्षीदार शिकलेले, समाजात वजन असलेले आणि घाबरट म्हणता येणार नाहीत असे होते. त्यांनी मेहनतही केली. तरी उत्तर मिळालं नाही, कारण सगळा बंदोबस्त घरात शिरणाऱ्या माणसाला पकडण्यासाठी होता. आवाज नेमका कुठून येतो, हे शोधण्याची एकही पद्धतशीर चाचणी झालेली दिसत नाही.

घर आणि माणसं

घर ट्यूडर काळातलं (पंधराव्या-सोळाव्या शतकातलं), स्ट्यूकली घराण्याचं. या घराण्यातल्या मेरीचं लग्न एडवर्ड स्टॉवेलशी झालं आणि तो पुढे लॉर्ड स्टॉवेल झाला. मेरीची धाकटी बहीण ओनोरिया त्यांच्याजवळच राहायची. मेरी १७४० मध्ये वारली, ओनोरिया १७५४ मध्ये आणि लॉर्ड स्टॉवेल १७५५ मध्ये. बायको गेल्यानंतरही मेव्हणी त्याच घरात राहिली, म्हणून गावात कुजबुज होती. एक मूल जन्मलं आणि त्याचं काहीतरी बरंवाईट केलं गेलं, इथपर्यंत ती पोचली होती. त्याला कसलाही पुरावा नाही. मात्र ही कुजबुज ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढे कोणाला काय दिसलं आणि ऐकू आलं त्याला आकार देण्याचं काम तिने केलं असण्याची शक्यता मोठी आहे.

घराची मालकी लॉर्ड स्टॉवेलच्या मुलीकडे आली. तिचे पती हेन्री बिल्सन-लेग इंग्लंडचे अर्थमंत्री होते. ते १७६४ मध्ये वारले आणि घर भाड्याने द्यायचं ठरलं.

भाडेकरू विल्यम हेन्री रिकेट्स यांची जमैकात मालमत्ता होती. पत्नी मेरी रिकेट्स माहेरची जर्व्हिस. तिचा भाऊ जॉन जर्व्हिस त्या वेळी आरमारात कप्तान होता. हाच पुढे १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटची लढाई जिंकून अर्ल ऑफ सेंट व्हिन्सेंट झाला. १७६९ च्या शरद ऋतूत रिकेट्स जमैकाला गेले आणि मेरी तीन लहान मुलं व नोकरचाकर घेऊन त्या घरात मागे राहिली. प्रकरणाचा तीव्र भाग या तारखेनंतरचा आहे.

नोंदलेल्या घटना

पहिले आवाज दारांचे. राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत रात्री कोणीतरी जोरात दारं आपटतंय असं ऐकू येऊ लागलं. रिकेट्स स्वतः उठून घरभर फिरत. चोर असेल, नाहीतर नोकरांचा काही गोंधळ असेल, असा त्यांचा अंदाज होता. फेरी मारली की सगळे आपापल्या जागी, दारं बंद. गावातल्या कोणाकडे तरी जुन्या किल्ल्या असतील म्हणून सगळी कुलपं नवी बसवली. फरक पडला नाही.

मग दिसणं सुरू झालं. पहिल्याच उन्हाळ्यात बाळाजवळ बसलेल्या दाईला तपकिरी-मळकट कोटातला एक पुरुष समोरच्या पिवळ्या खोलीत जाताना दिसला. नंतर एका मोतद्दाराने तशाच कपड्यातला माणूस पाहिल्याचं सांगितलं. १७६७ मध्ये स्वयंपाकघरात बसलेल्या काही नोकरांना गडद रेशमी कपड्यातली बाई दिसली. ही दर्शनं आम्ही या लेखात बाजूला ठेवतो. ती सगळी नोकरांच्या तोंडची आहेत, मालकिणीने ऐकून लिहिलेली आहेत, आणि लॉर्ड स्टॉवेल व ओनोरिया यांच्या गावगप्पांशी ती इतकी जुळतात की त्यांना स्वतंत्र पुरावा म्हणता येत नाही.

पती जमैकाला गेल्यानंतर आवाज खुद्द मेरी रिकेट्सना ऐकू येऊ लागले. १७७० च्या उन्हाळ्यातल्या एका रात्री पिवळ्या खोलीत झोपलेल्या असताना पुरुषाची जड पावलं पलंगाच्या पायथ्याकडे येताना त्यांनी ऐकली. त्या उडी मारून मुलांच्या खोलीत गेल्या, दाईला आणि दिवा घेऊन परत आल्या. खोलीत कोणी नव्हतं, आणि त्या दाराखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. नंतर त्या छिटाच्या (छापील सुती कापडाने सजवलेल्या) खोलीत झोपू लागल्या. तिथे कधी संगीतासारखे सूर ऐकू आले, तर एकदा कोणीतरी सोट्याने मारावेत असे तीन स्पष्ट ठोके. त्यापुढे घरभर भरून राहणारी एक पोकळ घुमघुम सुरू झाली. ती वाऱ्याची नव्हती, अगदी शांत रात्रींतही तितकीच ऐकू यायची, असं त्यांनी मुद्दाम नोंदवलं आहे.

१७७१ च्या उन्हाळ्यात बोलण्याचे आवाज आले. आधी एका बाईचा कर्कश आवाज, मग दोन पुरुषांचे खर्जातले. अगदी शेजारी कोणी बोलत असावं असं वाटायचं, पण एकही शब्द कळायचा नाही. त्यानंतर एका रात्री तीन-चार किंकाळ्या आल्या. पहिली जवळून, मग जमिनीत खचत जावी तशी खाली-खाली जात बंद झाली. भावाला काही न सांगता दीड वर्ष काढलेल्या मेरीने आता त्याला सगळं सांगितलं.

हे भानामतीचं प्रकरण मानावं का, हा प्रश्न रास्त आहे. दगड पडणं, भांडी उडणं, कपडे पेटणं यांतलं इथे काहीच नाही. अभ्यासकांमध्ये एका माणसाभोवती फिरणारे प्रकार आणि एका जागेला चिकटलेले प्रकार असा भेद केला जातो. हिंटन दुसऱ्या प्रकारात बसतं. माणसं बदलली, नोकर बदलले, आवाज घरातच राहिले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते भानामतीच्या घरी गेले की घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात आणि कोण उपस्थित असताना प्रकार घडतात, कोण नसताना थांबतात, हे बघतात. ही पद्धत माणसाभोवती फिरणाऱ्या प्रकरणात फार उपयोगी आहे. हिंटनला तो तक्ता मांडला तर एक गोष्ट नजरेत भरते : साडेसहा वर्षं सतत हजर असलेली आणि नोंद करणारी व्यक्ती एकच, मेरी रिकेट्स. तिने लबाडी केली असं यातून सिद्ध होत नाही. तिच्या कागदांत तसा वासही येत नाही. पण घटना कोणत्या गोळा झाल्या आणि कोणत्या गळल्या, हे तिच्या हातात होतं.

पहारा कसा झाला आणि त्यात काय राहिलं

कॅप्टन जर्व्हिस, शेजारी राहणारे त्यांचे मित्र कॅप्टन लट्रेल आणि जर्व्हिस यांचा नोकर जॉन बोल्टन या तिघांनी रात्र जागवायचं ठरवलं. आधी घराची प्रत्येक खोली, प्रत्येक कोनाडा, लपता येईल अशी प्रत्येक जागा तपासली. दारं लावून घेतली. हत्यारं जवळ ठेवली आणि वरच्या मजल्यावर वेगवेगळ्या जागा धरल्या. रात्री पावलं ऐकू येताच लट्रेलनी दार उघडून कोण आहे म्हणून हाक दिली. काहीतरी आपल्या जवळून निघून गेलं असं त्यांना वाटलं. जागे असलेल्या जर्व्हिसनीही आवाज ऐकला. दोघांनी मिळून पुन्हा झडती घेतली, दारं जशी लावली होती तशीच होती. सकाळी लट्रेलचं मत पडलं की हे घर माणसाने राहण्याजोगं नाही.

या पहाऱ्यात झडती आणि बंदोबस्त चांगला होता. पण तीन गोष्टी राहिल्या.

पहिली वेळेची. कोणत्या क्षणी कोणाला काय ऐकू आलं याची वेगवेगळी, घड्याळ लावून केलेली टिपणं नाहीत. सकाळी एकत्र बसून बोलणं झालं आणि एक सामायिक हकिकत तयार झाली. एकदा असं झालं की कोणाची आठवण मूळची आणि कोणाची दुसऱ्याचं ऐकून तयार झालेली, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आवाज आला की सगळे आवाजाच्या दिशेने धावले. रात्रीच्या अंधारात, लाकडी सांगाड्याच्या घरात माणसाच्या कानाला दिशा फार वाईट कळते. डावं-उजवं बऱ्यापैकी कळतं, कारण दोन कानांना आवाज पोचण्यात सूक्ष्म अंतर पडतं. वर-खाली ओळखायला कानाच्या पाळीने बदललेले उंच पट्टीतले बारीक सूर लागतात. जड पाऊल किंवा धक्का यांत ते सूर कमी असतात. त्यातून ओकच्या तुळईवर एका टोकाला बसलेला ठोका दुसऱ्या टोकाला, तिसऱ्याच खोलीच्या भिंतीतून निघाल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे लट्रेलनी दार उघडलं ती जागा बहुधा आवाजाची नव्हतीच.

तिसरी म्हणजे थकवा. त्या रात्रीनंतर जर्व्हिस आठवडाभर रोज रात्री पहारा देत राहिले आणि दिवसा झोपत राहिले. याच दिवसांतली एक घटना या प्रकरणातली सगळ्यांत बोलकी आहे. दुपारी ते झोपायला गेले असताना, छतातून प्रचंड वजन खाली येऊन महोगनीच्या कपाटाशेजारी जमिनीवर आदळावं असा आवाज त्यांना ऐकू आला. ते ताडकन उठले. आपली फसगत होणं शक्य नाही, असं त्यांनी बहिणीला ठासून सांगितलं. बोल्टन नेमका त्याच खोलीच्या खालच्या खोलीत होता. त्याने सांगितलं की काहीच ऐकू आलं नाही.

छतातून वजन आदळलं असतं तर खालच्या माणसालाही ते ऐकू यायला हवं होतं. झोपेच्या उंबरठ्यावर डोक्यात स्फोट व्हावा तसा मोठा आवाज ऐकू येणं हा आज ओळखीचा प्रकार आहे. तो निरोगी माणसांतही आढळतो आणि झोपमोड व ताण असेल तर जास्त आढळतो. ज्याला होतो त्याला तो बाहेरचाही वाटू शकतो. आठवडाभर उलटीपालटी झोप घेतलेल्या, कान टवकारून बसलेल्या माणसाला तो होणं अगदी साहजिक आहे. जर्व्हिस खोटं बोलत नव्हते. त्यांचा पहाराच त्या आवाजाचं कारण झाला असावा.

आवाजांचे उगम : काय बसतं, काय बसत नाही

जुन्या ओकच्या घरातले ठोके म्हटलं की पहिलं नाव येतं ते लाकूड पोखरणाऱ्या डेथवॉच भुंगेऱ्याचं. जेमतेम ७ मिलिमीटरचा हा किडा बुरशीने मऊ झालेल्या ओकमध्ये वाढतो आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी डोकं लाकडावर आपटतो. एका दमात साधारण अर्धा डझन झटपट ठोके येतात. पेन्सिलीने तसेच ठोके दिले तर तो उत्तर देतो, म्हणजे ओळखायला सोपा. पण त्याचा हंगाम एप्रिल ते जूनचा आणि आवाज घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा थोडा मोठा. सोट्याचे तीन ठोके हे त्याचं काम नाही. ज्यांनी या प्रकरणाला भुंगेऱ्याचं उत्तर दिलंय त्यांनी मूळ वर्णन नीट वाचलेलं नसावं.

दारं आपटण्याला हवेचं कारण पहिल्यांदा तपासायला हवं. रुंद धुराड्यांच्या घरात शेकोट्या पेटल्या की गरम हवा वर जाते आणि खालून हवा ओढली जाते. एक दार उघडलं की दुसऱ्या दारावरचा दाब बदलतो. झिजलेला खटका असेल तर ते दार आपोआप मिटतं, आणि वारा नसलेल्या रात्रीही हे होतं. फेरीच्या वेळी दारं बंद सापडणं याच्याशी जुळतं : आपटलेलं दार बंदच सापडणार.

बोलण्याच्या आवाजांचा सगळ्यांत चांगला धागा म्हणजे शब्द न कळणं. धुराड्यातून किंवा लाकडी फळ्यांच्या भिंतीतून बोलणं आलं की व्यंजनं गळतात, स्वर आणि पट्टी उरते. बाई की पुरुष, उंच की खर्जातला, एवढं कळतं आणि शब्द जातात. नोकरांच्या खोल्या किंवा स्वयंपाकघर आणि छिटाची खोली एकाच धुराड्याच्या चिमणीला लागून होत्या का, हे त्या दिवशी एका माणसाला खाली वाचायला बसवून पाच मिनिटांत कळलं असतं. घर १७९३ मध्ये पाडलं, त्यामुळे आता ती संधी नाही.

किंकाळ्यांसाठी गव्हाणी घुबड हा पहिला संशयित. त्याची ओरड लांबट, खरखरीत आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी असते. ते माळ्यात आणि मोठ्या धुराड्यांत घरटं करतं. उन्हाळ्यात त्याची पिल्लं रात्रभर घोरल्यासारखी फुसफुसतात. खोल जात बंद होणारी ओरड उडत दूर जाणाऱ्या पक्ष्याशीही जुळते. अडचण एवढीच की खेड्यात वाढलेल्या दायांना घुबड ओळखू यायला हवं होतं. ती अडचण आम्ही लहान मानत नाही.

भूगर्भातल्या पाण्याचा सिद्धांत अशा प्रकारांचे अभ्यासक जी. डब्ल्यू. लँबर्ट यांनी १९५५ मध्ये मांडला. जमिनीखालचे प्रवाह फुगले की घराला धक्के बसतात आणि ठोके ऐकू येतात, असा त्याचा आशय. हिंटनचा परिसर खडूच्या दगडाचा आणि इचेन नदीच्या उगमाजवळचा, म्हणून कल्पना मोहात पाडते. पण खडूच्या जमिनीतलं पाणी हिवाळ्याच्या शेवटी व वसंतात सर्वांत वर असतं आणि शरदात सर्वांत खाली. हिंटनचा जोर मात्र जून ते ऑगस्टमध्ये होता. शिवाय टोनी कॉर्नेल आणि ॲलन गॉल्ड या अभ्यासकांनी पाडायला काढलेल्या घराला यंत्राने हादरे देऊन पाहिले. घर धोकादायक वाटेल इतकं हललं, तरी भानामतीत सांगतात तसं काही घडलं नाही. त्यांचा तो प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या सिद्धांताला त्यातून सावरता आलं नाही.

माणसाची लबाडी साडेसहा वर्षं टिकवायला हेतू लागतो. तो दिसत नाही. बक्षिसाची रक्कम दोनदा वाढवून दुप्पट केली तरी कोणी पुढे आलं नाही. शांत रात्रीची घुमघुम कशाची, याला मात्र आमच्याकडे पटण्याजोगं उत्तर नाही. घर उभं असतं तरच ते शोधता आलं असतं.

१७७१ च्या कोठीघरातल्या सामानावर काय करता आलं असतं

यातलं एकही साधन नंतरच्या काळातलं नाही. खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून लाखेची मोहर लावायची. प्रत्येक जिन्यावर आणि ओसरीत काळा दोरा दोन उंचींवर बांधायचा, घोट्याजवळ आणि छातीजवळ. खालचा तुटला आणि वरचा शाबूत राहिला तर मांजर किंवा कुत्रं, दोन्ही तुटले तर माणूस. दोरा ताणून बांधायचा नाही, नाहीतर लाकूड आक्रसलं की तो आपोआप सुटतो. जमिनीवर पिठाचा थर चाळणीने अगदी पातळ द्यायचा, कारण जाड थरात पावलाच्या कडा ढासळतात आणि मांजराचा ठसा मोठा दिसतो.

दारांसाठी प्रत्येक दारासमोर मेणबत्ती धरून ज्योत कुठे कलते ते टिपायचं. शेकोटी पेटलेली असताना आणि विझवल्यावर, दोन्ही वेळा. मग संशयित दारांचे खटके दोरीने बांधून टाकायचे. आवाज थांबला तर उत्तर मिळालं, आणि दोरी बांधूनही दार आपटल्याचा आवाज आला तर तो दाराचा नाही.

सगळ्यांत उपयोगी चाचणी दिवसा करायची. प्रत्येक खोलीत एक माणूस बसवायचा, हाती कागद. एकाने माळ्यावर, तळघरात, मागच्या ओसरीत, तबेल्यात ठरलेल्या क्रमाने दहा-बारा किलोची पोती टाकायची, दारं आपटायची, बोलायचं. बसलेल्यांना क्रम सांगायचा नाही. कोणाला आवाज कुठून आल्यासारखा वाटला ते प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता लिहायचं. संध्याकाळपर्यंत घराचा ध्वनिनकाशा तयार होतो. मग रात्री छिटाच्या खोलीत पाऊल वाजलं तर धावायचं कुठे, हे आधीच माहीत असतं. पहारेकरी चार तासांनी बदलायचे आणि सलग दोन रात्रींपेक्षा जास्त कोणाला ठेवायचं नाही. जर्व्हिससारख्या कप्तानाला जहाजावरच्या पाळ्या पाठ होत्या. बहिणीच्या घरी मात्र त्यांनी सगळा भार एकट्याने उचलला.

कागदपत्रं आणि पुढचं

मेरी रिकेट्सनी आपली हकिकत मुलांसाठी जुलै १७७२ मध्ये लिहून काढली. म्हणजे शेवटच्या घटना वर्षभर जुन्या, पहिल्या सात वर्षं जुन्या. तुलनेला इंग्लंडमधल्याच एपवर्थ गावच्या रेक्टरीचं, म्हणजे पाद्र्याच्या घराचं, प्रकरण घ्यावं. तिथे १७१६-१७ च्या हिवाळ्यात वेस्ली कुटुंबातल्या माणसांनी एकमेकांना त्याच आठवड्यांत पत्रं लिहिली. आवाज तितकेच अनाकलनीय आहेत, पण नोंदीचं मोल कितीतरी जास्त. हिंटनचे कागद पत्रांसह जेंटलमन्स मॅगझिन या इंग्रजी मासिकाच्या नोव्हेंबर आणि डिसेंबर १८७२ च्या अंकांत छापले गेले, घटनांनंतर शंभर वर्षांनी.

रिकेट्सनंतर आलेलं लॉरेन्स कुटुंब १७७३ मध्ये अचानक निघून गेलं आणि घर रिकामं पडलं. १७९३ मध्ये ते पाडताना फरशीखाली एक छोटी कवटी सापडली. ती माकडाची असल्याचं सांगण्यात आलं, पण ती कोणा वैद्याला दाखवली गेली नाही. गावगप्पांना बाळाचा पुरावा तेव्हापासून मिळाला आणि तो आजही सांगितला जातो. आज तिथे उभं असलेलं, नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या ताब्यातलं घर वेगळं आहे. ते जुन्या जागेपासून हटून बांधलं, विसाव्या शतकात त्या वेळचे मालक राल्फ डटन यांनी बदललं आणि १९६० च्या आगीनंतर पुन्हा उभारलं. तिथे रात्र काढून मूळ प्रकरणाबद्दल काहीही सिद्ध होणार नाही. ज्यांना यावर काम करायचंय त्यांनी १८७२ चा छापील मजकूर घ्यावा आणि प्रत्येक घटनेपुढे चार रकाने आखावेत : ऐकणारा कोण, जागा की झोपेतून उठलेला, त्या वेळी शेजारी कोण होतं, आणि शेजारच्याला ऐकू आलं का. चौथा रकाना भरताना घाई करू नये. बोल्टनचं उत्तर त्याच रकान्यात येतं.